मग ते पोलिसांकडे का जात नाहीत?

ब-304: काल आपल्या सोसायटीच्या रहस्यनाटकाच्या वाचनाला आलात, मनापासून आभार. तालमी सुरू व्हायच्या आधी संहितेबद्दल जे खटकलं ते मोकळेपणाने सांगा. एकच विनंती, शेवट इथे लिहू नका. निम्मा ग्रुप प्रेक्षक म्हणून येणार आहे.

अ-102: अगदी बरोबर, ताई. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ 1952 पासून चालू आहे, खंड पडला तो कोविडच्या काळात. प्रयोग संपला की नटच प्रेक्षकांना विनवतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आज बघणाऱ्याने तोंड उघडलं तर उद्या बघणाऱ्याची मजा गेली.

क-503: पहिला अंक झकास आहे. चौघं मित्र जमलेत, पाचवी मैत्रीण येत नाही, फोन उचलत नाही, तिथपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. पण दुसऱ्या प्रवेशात एक जण म्हणतो, ‘24 तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत’, आणि सगळे स्वतःच शोधायला निघतात. असा नियम नाही. माणूस हरवल्याची तक्रार लगेच देता येते, आणि द्यावीच. पहिले काही तास फार मोलाचे असतात. नंतर सीसीटीव्हीचं जुनं चित्रण पुसलं जातं, बघणाऱ्यांना नीट आठवत नाही.

ब-203: दादा, नाटक आहे हो. सिनेमांत तर सर्रास हेच वाक्य असतं.

क-503: काकू, सर्रास असतं म्हणूनच लोकांना ते खरं वाटतं. उद्या कुणाच्या घरी अशी वेळ आली आणि तो माणूस हे वाक्य आठवून रात्रभर थांबला तर? आपल्या रंगमंचावरून ते जायला नको.

ब-304: वाक्य काढलं. पण मग प्रश्न येतो, हे चौघं पोलिसांकडे का जात नाहीत? मला वाटतं आपलं खरं नाटक या प्रश्नातच आहे. नियमामुळे थांबले तर चौघंही निर्दोष सुटतात. स्वतःहून थांबले तर प्रत्येकाकडे थांबायला कारण हवं. एकाने तिचे पैसे बुडवलेत. एकीने तिचा शेवटचा मेसेज वाचून उत्तर दिलेलं नाही, आणि आता तो कुणाला दाखवायची तिची हिंमत नाही. ‘अजून तासभर बघू’ हे वाक्य दर वेळी वेगळ्याच्या तोंडी यायला हवं.

अ-601: ताई, मी बोलू का? मला त्या मुलीबद्दलच काही कळलं नाही. हुशार, हसरी, सगळ्यांची लाडकी, एवढंच ऐकू येतं. मग ती सापडावी असं मला का वाटेल? ती कुणावर चिडायची, कशाला घाबरायची, हे कुठेच नाही. शोधणाऱ्यांना धावायला निमित्त हवं म्हणून हरवल्यासारखी वाटते ती.

ब-304: फार महत्त्वाचं बोललीस. यावर रात्री बराच विचार केला होता, तू नेमकं बोट ठेवलंस. पण तिला रंगमंचावर आणायचं नाही यावर मी ठाम आहे. फ्लॅशबॅक नको. ती फक्त या चौघांच्या बोलण्यातून दिसावी.

क-503: मग त्यांना पहिल्या अंकाच्या शेवटी चौकीत न्या. हवालदार साधेच प्रश्न विचारतो. उंची किती? अंगावर कपडे कोणते होते? ओळखीची खूण? आणि जिवाभावाच्या म्हणवणाऱ्या चौघांचं एकमत होत नाही. एक म्हणते निळा कुर्ता, दुसरा म्हणतो हिरवा.

अ-601: आणि एकालाच माहीत असतं की तिच्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे! बाकीचे तिघं त्याच्याकडे वळून बघतात.

ब-304: मध्यंतर तिथेच. पडदा!

अ-102: वा, हे बसलं. आता थोडं तांत्रिक. तिचा फोन वाजतो तो आवाज हॉलच्या स्पीकरमधून देऊ नका, प्रेक्षक वरती बघत बसतील. सोफ्याच्या उशीखाली खरा फोन ठेवा आणि विंगेतून लावा. आवाज तिथूनच आला की सगळ्यांच्या माना आपोआप वळतात. आणि काळोखात जागा बदलणाऱ्या नटांनी दिवे जायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे, म्हणजे अंधार लवकर सवयीचा होतो. लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या, कडांना चमकणारी पट्टी मारा. रहस्यनाटकात पाय मुरगळतात ते काळोखातच.

ब-203: शोधाच्या प्रवेशात दिवे भराभर लुकलुकवायचे ठरलंय ना? अशा प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. प्रयोगाआधी घोषणा करा आणि दारावर फलकही लावा.

ब-304: काकू, मग तो लुकलुकाट काढूनच टाकू. चार हातातल्या विजेऱ्या पुरेत. प्रत्येकाची विजेरी जिथे जाणूनबुजून वळत नाही, ती जागा प्रेक्षक लक्षात ठेवतील. चौकीचा प्रवेश मी लिहायला घेतलाय. दादा, हवालदाराचे प्रश्न तुम्ही तपासून द्या.

क-503: देतो. आणि हवालदाराला विनोदी करू नका, प्लीज. त्याला तो तपास करायचाय.