१५ ऑगस्टच्या दौडीचा टी-शर्ट: ठाण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. दौडीसाठी ९० नावं आली. वसंत विहार ते उपवन तलाव आणि परत, ५ किमी. लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी २ किमी. टी-शर्टची दोन कोटेशन्स आली आहेत. पांढरा कॉटन, स्क्रीन प्रिंट, १६५ रुपये. पॉलिएस्टर ड्राय-फिट, सब्लिमेशन प्रिंट, २१० रुपये. पाठीवर पूर्ण जाहिरात दिली तर एक दुकानदार निम्मा खर्च उचलायला तयार आहेत. शनिवारपर्यंत ठरवायचंय, मतं कळवा.

ए ४०४: कॉटनच घ्या. घामाला कॉटनसारखं काही नाही. शिवाय ४५ गुणिले ९० म्हणजे ४,०५० रुपये वाचतात.

बी ६०२: दादा, घरात घालायला कॉटन उत्तमच. पळताना मात्र उलटं होतं. कॉटन घाम पितो आणि धरून ठेवतो. त्यात ऑगस्टचा पाऊस. भिजून जड झालेला टी-शर्ट काखेत आणि छातीवर घासतो. लांब पळणारे पुरुष छातीला टेप लावतात ते उगाच नाही, नाहीतर रक्त येतं. आपल्या ५ किमीत तेवढं होणार नाही, पण आंघोळीला गेल्यावर चुरचुरेल नक्की. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही, ओल कापडावर पसरते आणि भराभर वाळते.

आणि कृपा करून पांढरा नको. पातळ पांढरं कापड भिजलं की आरपार दिसतं. माझ्यासोबत उपवनला येणाऱ्या दोघी पावसाळ्यात पांढरा घालतच नाहीत. आपल्या ९० मध्ये निम्म्या बायका-मुली आहेत, त्यांनी अर्धा वेळ टी-शर्ट ओढत पळायचं का?

ए ४०४: हे खरंच लक्षात आलं नव्हतं. सब्लिमेशनचं प्रिंट सोलवटत नाही ना? माझ्या एका टी-शर्टवरची अक्षरं चार धुण्यांत गेली.

बी ६०२: नाही सोलवटत. आधी डिझाइन कागदावर छापतात. मग तो कागद कापडावर ठेवून गरम प्रेसखाली दाबतात. साधारण २०० अंशांना रंगाची वाफ होते आणि ती थेट धाग्यात शिरते. वरून बोट फिरवलं तर प्रिंट आहे हे कळतही नाही. स्क्रीन प्रिंटमध्ये बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची शाई वापरतात, तिचा थर वर बसतो. छातीवर मोठा चौकोन छापला की त्याखाली हवा खेळत नाही. पळताना बरोबर तेवढाच भाग उकडतो.

एक अट आहे. सब्लिमेशन पॉलिएस्टरवरच होतं, तेही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. म्हणून गडद रंग हवा असेल तर कापडाचे तुकडे आधी पूर्ण छापून मग शिवायला सांगायचं. शिवलेल्या टी-शर्टवर छापलं तर काखेत घड्या पडतात आणि तिथे पांढऱ्या रेघा राहतात. सेक्रेटरीसाहेब, हे प्रिंटरला आजच विचारा. आणि कापड १४० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं घ्या.

डी ३०३: छातीवर मोठा तिरंगा छान दिसेल. स्वातंत्र्यदिन आहे.

सी २०१ (काका): तिरंगा कपड्यावर छापू नये. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे, त्यात कापडावर ध्वज छापणं अवमानात धरलं आहे. ध्वजसंहितेतही तेच आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, घरात जुना टी-शर्ट शेवटी कुठे जातो? फरशी पुसायला.

डी ३०३: बरोबर आहे काका. मागे घेतो.

सेक्रेटरी: मग पुढे काय छापायचं? आणि जाहिरातीचं काय करू? निम्मा खर्च म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास आहे, लहान रक्कम नाही.

बी ६०२: माझ्या कपाटात पळण्याचे चौदा टी-शर्ट आहेत. त्यातले दोनच मी घालते.

एक २०१८ च्या मुंबई मॅरेथॉनचा. जानेवारीतला तिसरा रविवार, माझी पहिली २१ किमी. आज गळा सैल झालाय, पिनांची भोकं आहेत. त्यावरचं वर्ष वाचलं की सी-लिंकवरचा पहाटेचा वारा आठवतो. माझ्या मुलीने तो मागितला होता, दिला नाही.

दुसरा एका छोट्या दौडीचा. त्यावर फक्त गावाचं नाव, अंतर आणि वर्ष.

उरलेल्या बारांपैकी एकाच्या पाठीवर अकरा लोगो आहेत. मी मोजले. दौडीचं नाव त्यांच्या खाली, बोटभर. वर्ष नाहीच. त्या दिवशी एस संपला म्हणून मला एक्सएल हातात दिला. आठ महिने तयारी करून पळाले होते, पण तो टी-शर्ट मी घरी येऊन घडी घातला तो आजवर उघडला नाही. कोणालाही चालता-फिरता फलक व्हायचं नसतं.

म्हणून दुकानदारांना पाण्याच्या स्टॉलचा बॅनर देऊ. कमी पैसे दिले तरी चालेल. टी-शर्टवर हवंच असेल तर बाहीवर, दोन इंचांत.

आता डिझाइन. छातीवर बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबरचा कागद लागतो, चार पिनांनी. म्हणजे छातीवरचं चित्र सगळ्या फोटोंत झाकलं जाणार. तेव्हा पुढे वरच्या बाजूला, गळ्याच्या खाली फक्त सोसायटीचं नाव. चित्र पाठीवर: उपवनचं पाणी, मागे येऊरचे डोंगर. त्याखाली अंतर आणि वर्ष, मराठी आकड्यांत. २ किमीवाल्यांच्या पाठीवर २ किमीच छापा. मुलांना खोटे ५ नकोत, त्यांनी २ पळलेत याचाच त्यांना अभिमान वाटेल.

ए १०४ (काकू): खूप छान. पण बायकांचा फिट वेगळा मिळेल का? पुरुषांचा एस मला खांद्यावरून उतरतो आणि पोटावर ताणतो.

बी ६०२: मिळतो काकू. म्हणूनच नुसतं एस, एम, एल विचारून भागत नाही. प्रत्येक प्रिंटरचा एम वेगळा असतो. सगळ्या साइजचे नमुने रविवारी क्लबहाऊसमध्ये ठेवू, अंगाला लावून बघा आणि मग लिहा. मी वही घेऊन १० ते १ बसते. मुलांचे साइज छातीच्या इंचांत घेईन.

सी २०१ (काका): मला खिसा हवा. फिरताना चष्मा कुठे ठेवू? आणि कॉलर.

बी ६०२: काका, पळणाऱ्यांसाठी गोल गळाच ठेवूया, ओली कॉलर मानेला घासते. पण २ किमी चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी खिसा लावता येईल का, हे प्रिंटरला नक्की विचारते.

ए ४०४: २१० वाला करा. माझी हरकत नाही. रंग?

बी ६०२: मोरपंखी. पहाटे साडेपाचला पोखरण रोडवर अंधुक असतं, म्हणून पाठीवर चमकणारी पट्टी मागू. धुताना सॉफ्टनर घालू नका आणि प्रिंटवर गरम इस्त्री फिरवू नका, बाकी काही सांभाळावं लागत नाही.

ई ५०१: माझ्या सासूबाई ७२ च्या आहेत, २ किमी चालणार आहेत. साडीवरून घालायचा आहे म्हणतात. कोणता साइज लिहू?

बी ६०२: ताई, रविवारी त्यांना घेऊनच या. एल लावून बघू, लांबीला थोडा कमी करून घेऊ.