छोट्या खोलीत फ्री इम्प्रोव्हायझेशन: बसायचं कुठं, कूलरचं काय?

धरमपेठकर: सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम्स असं त्रिकूट, आधी काही न ठरवता जागेवरच सुचेल ते वाजवणारं; खोली साधारण ३५ जणांची. माईक लावायचे का? महिना एप्रिल आहे.

ढोलकीवाला: सॅक्स आणि ड्रम्सला माईक नकोच. बासला मात्र एक छोटा अँप द्या, नाहीतर ड्रमर सुटला की बास गेलाच. अँप बासवाल्याच्या बाजूलाच ठेवा, म्हणजे तिघांनाही एकाच जागेवरून ऐकू येतं. ड्रम्सखाली जाड सतरंजी, मागच्या भिंतीला पडदा. कोऱ्या भिंतींवर झांजेचा आवाज नुसता घुमतो.

सीताबर्डी_७: भाऊ, खरा शत्रू कूलर! या संगीतात झांजेवर गज ओढतात, सॅक्सच्या रीडमधून (तोंडाशी असते ती वेताची पातळ पट्टी) नुसती हवा सोडतात; कूलरच्या घरघरीत ते सगळं बुडतं. खोली आधी तासभर गार करा, वादन सुरू होताना बंद. म्हणून २०-२५ मिनिटांचे दोन भाग बरे. कोरड्या हवेत रीड वाळून वाकते, त्यामुळे वादकाला पाण्याची वाटी द्या.

धरमपेठकर: आणि ऐकणाऱ्यांनी?

ढोलकीवाला: सॅक्सच्या तोंडासमोर बसू नका, तिरपं बसा, ड्रम्सपासून तीन मीटर तरी लांब. इअरप्लग खिशात असू द्या.

सीताबर्डी_७: सम शोधू नका, मिळणार नाही. कोण कोणाला उत्तर देतंय ते बघा. ब्रिटिश गिटारवादक डेरेक बेली (१९३०-२००५) या संगीताला कुठल्याच शैलीत न बसणारं वादन म्हणायचा. शांतता आली की लगेच टाळ्या नकोत, बहुतेकदा ते संपलेलं नसतं. आणि मोबाईल बंद, सायलेंटवर नाही. टेबलावरचं व्हायब्रेशनही ऐकू जातं.