काशी तीन दिवस: सासूबाईंचे गुडघे आणि नवऱ्याचा प्रश्न

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात काशीला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तरच्या, दोन्ही गुडघे कुरकुरतात. विश्वनाथाचं दर्शन घडलं आणि गंगेत पाय बुडवले की त्यांचं बाकी काही मागणं नाही. नवरा देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणाऱ्यांतला. त्याचा प्रश्न असा की एवढं प्राचीन शहर म्हणतात, तर तिथे जुनं असं नेमकं दिसतं काय? यूट्यूबवर बघावं तर सगळीकडे तीच आरती आणि तीच लस्सी. श्राद्ध वगैरे करायचं नाही, निव्वळ बघायला जातोय. तीन दिवस पुरतील का? पंडे फार मागे लागतात का? जाणकारांनी सांगावं.

लोकलचा_डबा
महानगरी बघा, सीएसएमटीहून थेट वाराणसी, कल्याणला चढता येईल. तिकीट आत्ताच काढा, नंतर वेटिंगच मिळतं. स्टेशनांच्या नावांत गडबड होते, म्हणून सांगतो: ‘बनारस’ म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, ‘वाराणसी जंक्शन’ वेगळं. आणि दीनदयाळ उपाध्याय म्हणजे आपलं जुनं मुघलसराय, ते गंगेच्या पलीकडे. परतीचं डिसेंबर-जानेवारीत ढकलू नका, धुक्यात गाड्या किती रखडतील याचा नेम नसतो.

घाटावरचा_नागपूरकर
बँकेच्या बदलीमुळे या शहरात राहिलो आहे, मैदागिनच्या बाजूला. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या यजमानांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. घाटांवरचं जे दगडी काम दिसतं त्यातलं बरंचसं अठराव्या शतकातलं आणि त्यानंतरचं, आणि त्यात मराठी पैसा भरपूर. आत्ताचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभं केलं, कळसावरचं सोनं पुढे रणजितसिंगांनी दिलं. देवळापासून गंगेपर्यंतचं ऐसपैस आवार २०२१ चं. दशाश्वमेध घाटावरची भव्य आरतीसुद्धा आजच्या थाटात सुरू झाली ती १९९० च्या दशकात. वहिवाट फार जुनी, दगड त्या मानाने कालचे.

खरोखरचं जुनं बघायचं तर सारनाथ. शहरापासून दहाएक किलोमीटर. अशोकस्तंभाचा तुटका बुंधा अजून जागेवर आहे आणि वरचे चार सिंह शेजारच्या संग्रहालयात. आपण नोटेवर रोज बघतो तेच, पण समोर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरते ती त्यांची झिलई. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि त्यावर आजही उजेड सरकताना दिसतो. सासूबाईंनाही हे सोयीचं: सपाट हिरवळ, बसायला झाडाखाली सावली. यजमानांना आणखी हौस असेल तर राजघाटच्या पुलाजवळ उत्खननाची जागा आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या आसपासपर्यंतचे वस्तीचे थर तिथे निघाले. दिसतात ते फक्त विटांचे पाये, त्यामुळे पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

आता घाट. बहुतेक जण अस्सी ते दशाश्वमेध करून परत फिरतात. तुम्ही मणिकर्णिका, म्हणजे जिथे चिता पेटतात तो घाट, त्याच्या उत्तरेचा तुकडा चालाच, निदान तुम्ही दोघं. आधी शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास तो इतका जड बांधला की खचला. लगतचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ तिरकं होऊन उभं आहे आणि पावसाळ्यात त्याच्या गाभाऱ्यात गाळ साचतो. पुढे आमच्या नागपूरकरांचा भोसले घाट (इथे ऊर जरा भरून येतो, चालवून घ्या), मग गणेश घाट, जटार घाट अशी नावं वाचत वाचत पंचगंगा घाटावर पोचता.

पंचगंगा घाईने उरकू नका. वर आलमगीर मशीद, लोक तिला धरहरा म्हणतात. मूळचं बिंदुमाधवाचं देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडून ती बांधली. आजचा बिंदुमाधव जवळच, बाहेरून वाडाच वाटेल अशा इमारतीत आहे आणि ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेली. तुमच्या तारखा कार्तिकी पौर्णिमेच्या अलीकडे असतील तर संध्याकाळी इथे या. घाटावर उंच बांबू रोवलेले असतात, टोपलीत दिवा ठेवून ती दोरीने वर ओढतात. आकाशदीप म्हणतात. ओढणारा दर दोन हातांनी थांबून वर बघतो, दिवा विझला तर टोपली पुन्हा खाली. फार गर्दी नसते, लाउडस्पीकर नाही. मला विचाराल तर दशाश्वमेधची आरती चुकली तरी चालेल, हे चुकवू नका. ऐन पौर्णिमेला मात्र देवदिवाळी असते. त्या रात्रीचे नावेचे आणि खोलीचे भाव विचारायचीसुद्धा सोय नाही.

सासूबाई भजन-कीर्तनातल्या असतील तर त्यांना सांगा, एकनाथांनी भागवत पुरं केलं ते याच शहरात, १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला.

खमंग_पोहे
नागपूरकरकाका, आरती चुकली तरी चालेल हे काही पटलं नाही. माझ्या आईला तीच सगळ्यात आवडली. असो. खाण्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून: सकाळी कचोरी-जिलबी, संध्याकाळी टमाटर चाट. आणि थंडी पडली असेल तर मलइयो. चौखंबा-ठठेरी बाजारच्या गल्ल्यांत सकाळीच मिळतं, ऊन चढलं की संपलं. दुधाचा केशरी फेस असतो, कुल्हडमध्ये भरून देतात, चमच्याला वजनच लागत नाही. फेस संपला की लगेच उठू नका. कुल्हड पुढे केलं की त्यात थोडं केशरी दूध ओततात, ते त्याच पैशांत.
साडी घेणार असाल तर रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात नको. पदर उलटा करून बघा. कढुआ, म्हणजे एकेक बुट्टा सुटा हाताने विणतात त्या, विणकामात मागे लोंबते धागे नसतात.

डोंबिवलीकरीण
बाप रे, किती छान लिहिलंत! नवरा राजघाट नकाशावर शोधत बसलाय, म्हणजे गाडी रुळावर आली. तारखा पौर्णिमेच्या अलीकडे सरकवता येतील. पण सासूबाईंचं कसं करू? पायऱ्या किती असतात? शिवाय त्यांना मणिकर्णिका ‘एकदा डोळ्यांनी बघायची’ आहे. न्यावं का?

घाटावरचा_नागपूरकर
पायऱ्या मोजू नका, उगाच धसका बसेल. गोदौलिया चौकापुढे गाड्या सोडत नाहीत, तिथून दशाश्वमेधपर्यंत चालणं आणि नावेत चढायला आधी दुसऱ्या दोन-तीन नावा ओलांडणं. हे त्यांना झेपणार नाही. त्यापेक्षा नमो घाट. राजघाटाशेजारीच आहे, उतार केलेला आहे, गाडी बरीच जवळ जाते. पाय बुडवायचे ते तिथेच, आणि नावही तिथूनच, पहाटेची. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे घाटांची तोंडं पूर्वेला आणि समोरच्या काठावर नुसती वाळू. सूर्य त्या वाळूतून वर येतो. भाव माणशी की अख्ख्या नावेचा, आणि किती वेळ, हे चढायच्या आधी बोलून घ्या. ‘सब घाट दिखा देंगे’ याला काही अर्थ नाही.

मणिकर्णिका त्याच नावेतून दाखवा. आपला नावाडी तिथे वेग कमी करतोच. फोन मात्र पिशवीत, तिथे फोटो चालत नाहीत आणि काढूही नयेत, लोक आपलं माणूस पोचवायला आलेले असतात. काठावरून गेलात तर ‘गरिबाच्या लाकडासाठी दान द्या’ म्हणून कोणीतरी चिकटतो. पैसे काढू नका, थांबूही नका. पंड्यांचंही तेच. संकल्प सोडायचा नाही, दर्शनाला आलोय, एवढं एकदा ठणकावून सांगितलं की दुसऱ्याकडे वळतात.

विश्वनाथाला फोन आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानदार ‘मोफत’ ठेवून घेतात आणि मग प्रसादाची टोपली गळ्यात मारतात, तेव्हा फोन हॉटेलातच ठेवून जा. सुगम दर्शनाचं (पैसे भरून लहान रांगेचं) तिकीट देवस्थानच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा, दलालाकडून नको. आईंसाठी गेटवर चाकाच्या खुर्चीची चौकशी करा, संकोच नको. तीन दिवस पुरतात. फक्त सोमवारी दर्शनाला जाऊ नका, रांग संपत नाही, आणि शुक्रवारी सारनाथला नको, संग्रहालय बंद असतं.