चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट बदलणे आवश्यक आहे का?

सह्यपायथा

नमस्कार. माझी १५० सीसीची, उघड्या चेनची मोटारसायकल सुमारे २६ हजार किलोमीटर चालली असून तिचा मूळ चेन-स्प्रॉकेट संच (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चाके: पुढे इंजिनाकडील छोटे, मागच्या चाकावरील मोठे) अद्याप बदललेला नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाटमार्गे कराडला नियमित जाणे असल्यामुळे पावसाळाभर चेनवर लाल चिखल बसतो. हल्ली चेन ताणून घेतली तरी आठवड्याभरात पुन्हा सैल होते, दुसऱ्या गियरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिल्यास कटकट आवाज येतो आणि मागचे चाक हाताने फिरवले असता चेन एका जागी घट्ट, तर दुसऱ्या जागी लोंबती दिसते. गॅरेजवाल्यांच्या मते मोठ्या स्प्रॉकेटचे दाते चांगले आहेत, म्हणून केवळ चेन बदलावी; सुट्या भागांचे दुकानदार मात्र पूर्ण संचच घ्या म्हणतात. त्यांना संच विकायचा आहे हे उघड असले, तरी दोघांपैकी बरोबर कोण हे ठरवायचे कसे? तसेच पुढे १४ ऐवजी १५ दात्यांचे स्प्रॉकेट बसवून मायलेज वाढवता येईल का?

मोजपट्टी

कोणाचे ऐकावे हे ठरवण्यापूर्वी चेन मोजून पाहावी. आपण ‘चेन ताणली गेली’ असे म्हणतो, परंतु लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची बुश (छोटी नळी) एकमेकींवर घासून झिजतात, आणि शंभराहून अधिक सांध्यांची ही बारीक झीज एकत्र होऊन चेनची लांबी वाढते. आपल्या गाडीला बहुधा ४२८ क्रमांकाची चेन असेल. हा क्रमांक बाहेरच्या पट्टीवर ठोकलेला असतो. तिच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर १२.७ मिमी असते. चेनची खालची बाजू ताठ धरून एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजल्यास नव्या चेनमध्ये २५४ मिमी भरतात. दोन टक्के वाढ, म्हणजे २५९ मिमीच्या आसपास आकडा आला, की चेन संपली असे समजावे. तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण आपण वर्णन केलेली घट्ट-सैल जागा झीज असमान असल्याचेच लक्षण आहे.

आता स्प्रॉकेटविषयी. लांबलेल्या चेनचे रोलर (सांध्यांवरच्या फिरत्या नळ्या) दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसतात आणि दात्याची एकच बाजू खातात, त्यामुळे दाता हुकासारखा वळतो. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील, तर पुढचा प्रत्येक दाता मागच्या दात्याच्या तिप्पट वेळा चेनखाली येतो. म्हणून मोठे स्प्रॉकेट वरवर ठीक दिसत असतानाच छोटे स्प्रॉकेट पूर्ण झिजलेले असू शकते, आणि ते झाकणाआड असल्याने कोणी पाहत नाही. आपल्या गॅरेजवाल्यांनी ते झाकण उघडले होते का, हे अवश्य विचारावे.

पाना_पक्कड

माझे सांगलीत गॅरेज आहे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली, की ती अर्ध्या आयुष्यातच जुन्या चेनसारखी वाजू लागते, हा रोजचा अनुभव आहे. आपण सांगितलेली लक्षणे पाहता संचच घ्यावा.

काम करून घेताना समोर उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन काढण्यापूर्वीच सैल करावेत. गाडी गियरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबला की स्प्रॉकेट जागेवर राहते. एकदा चेन निघाली, की ते गरगर फिरते आणि मग छिन्नी-हातोडी बाहेर निघते. चाक उतरवलेलेच असते, तेव्हा हबमधील, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातील, रबर आणि स्प्रॉकेटमागचे बेअरिंगही तपासून घ्यावे. ढिल्या रबरामुळे येणारा ठोका अनेकदा चेनच्या माथी मारला जातो. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीची, पत्ती पकडीने बसवल्यावर तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असले पाहिजे, म्हणजे वरच्या बाजूला असताना ते पुढे दिसेल. उलटी बसलेली पत्ती कशाला अडकली, तर निसटून जाते.

काटकसर

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु प्रत्येक वेळी संचच हवा हा नियम मला मान्य नाही. चेनची वाढ एक टक्क्याच्या आत असेल आणि केवळ पुढचे स्प्रॉकेट झिजले असेल, तर तेवढेच बदलल्याने उरलेल्या दोन्ही भागांचे आयुष्य वाढते, आणि हा भाग तीनही भागांत सर्वांत स्वस्त असतो. याउलट, चेन सैल झाली म्हणून तिचे जोड काढून ती आखूड करण्याचा जो प्रकार रस्त्याकडेला चालतो, तो मात्र टाळावा. लांबी कमी झाली तरी उरलेल्या प्रत्येक सांध्याची झीज तशीच राहते.

सह्यपायथा

सर्वांचे आभार. आज मोजले असता एका ठिकाणी २५७ आणि दुसऱ्या ठिकाणी २६० मिमी भरले. झाकण उघडून पाहिले, तर वाळलेल्या चिखलाच्या थराखाली छोट्या स्प्रॉकेटचे दाते टोकदार होऊन एका बाजूला कलले आहेत. संच घेतो आहे. १५ दात्यांविषयी कोणी सांगू शकेल का?

मोजपट्टी

४२ ला १४ ने भागल्यास गुणोत्तर ३ येते आणि १५ ने भागल्यास २.८, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतील. सपाट महामार्गावर हे सुखावह वाटते, परंतु प्रत्येक गियरमधील ओढही तेवढीच घटते. कुंभार्लीच्या चढावर, मागे माणूस बसलेला असताना, आपल्याला वारंवार खालचा गियर टाकावा लागेल आणि वाचलेले पेट्रोल तिथेच जाईल. आपल्या मार्गासाठी मूळचे १४ दातेच ठेवावेत असे माझे मत आहे.

पाना_पक्कड

दुजोरा. नवी चेन पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, त्यामुळे ती एकदा पुन्हा तपासावी. माहितीपुस्तिकेत दिलेली ढील (चेन वर-खाली हलण्याचे अंतर), जी अशा गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी असते, चेनच्या सर्वांत घट्ट जागी मोजावी. फार आवळलेली चेन गियरबॉक्सचे बेअरिंग खाते. मागे ड्रम ब्रेक असल्यास चाक सरकवल्यावर ब्रेकच्या पेडलची ढीलही पुन्हा जुळवून घ्यावी, हे घाईत नेहमी राहून जाते. पावसाळ्यात चिखल डिझेलने धुऊन, चेन पूर्ण कोरडी झाल्यावर नव्वद नंबरचे गियर ऑइल आतल्या बाजूने, चाक हळूहळू फिरवत सोडावे, आणि इंजिन चालू ठेवून हे काम कदापि करू नये.