हानबोकच्या बेतावर गरोदरपणाचे कपडे: शिवावेत का?

सुईदोरा:
कोरियातल्या हानबोक या पारंपरिक पोशाखावरून आजच्या गरोदर बायकांसाठी कपडे बेतावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यातला घागरा, म्हणजे चिमा, कमरेवर बसतच नाही. छातीवर पट्टी गुंडाळून नाडीने बांधायची, चुण्या तिथूनच खाली सुटतात. पोटावर ना इलॅस्टिक, ना शिवण. पाचव्या महिन्यातला घागरा नवव्यातही चालतो, बाळंतपणानंतर नाडी आवळली की पुन्हा अंगाला बसतो. वरची जोगोरी, म्हणजे बाह्यांचं आखूड जॅकेट, पुढून एका गाठीवर उघडते. दूध पाजायला आणखी काय हवं?

हान_नदीकाठी:
ताई, मी सोलमध्ये राहते, सातवा महिना चालू आहे. एका समारंभाला भाड्याचा हानबोक घातला होता. घागरा घसरू नये म्हणून पट्टी करकचून बांधावी लागते. आधीच छाती जड आणि दुखरी, श्वास पुरत नाही. जेवणानंतर तर बसवेना. त्यात पोटाने कापड उचललं, पुढून घोटे उघडे आणि मागची कड जमिनीवर लोळतेय. मेट्रोत आमच्यासाठी गुलाबी सीट राखीव असते खरी, पण तिथवर जिने उतरताना तो घेर सांभाळायचा कसा? माझ्या ओळखीच्या इथल्या बायका सैल वन-पीस घालतात आणि सुखात असतात.

सुईदोरा:
पट्टीचा जाच तिथल्या बायकांनीही सोसला, आणि उपायही तिथेच निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घागऱ्याला बिनबाह्यांची बंडी जोडली गेली, भार खांद्यांवर आला. सोलच्या इह्वा या मुलींच्या शाळेशी हा बदल जोडतात. मी तीच बंडी घेणार. कडेचं म्हणाल, तर पोटाच्या उंचवट्यावरून जेवढं कापड जातं तेवढी पुढची लांबी जास्त ठेवून कापायची. आणि घेर पोटरीपर्यंतच.

जुनी_वीण:
माझा आक्षेप वेगळा आहे. पट्टी गेली, लांबी गेली, उद्या जोगोरीही जाईल. मग उरेल तो उंच कमरेचा कुठलाही फ्रॉक. गळ्याची पांढरी पट्टी, बाहीखालचा गोलावा, गोरुमची, म्हणजे जोगोरी बांधायच्या लांब-आखूड पट्ट्यांची, एका फासाची गाठ, हे सगळं सोडून त्याला कोरियन कशाच्या जोरावर म्हणायचं?

सुईदोरा:
कोरियन डिझायनर ली यंग-ही यांनी १९९०च्या दशकात पॅरिसला जोगोरीविना नुसता चिमा रनवेवर आणला, तोही कोरियनच होता. आणि जोगोरी तरी कुठे एकसारखी राहिली? जोसन राजघराण्याच्या काळाच्या सुरुवातीला, चौदाव्या-पंधराव्या शतकात, ती कमरेपर्यंत होती, एकोणिसाव्या शतकात जेमतेम छातीपर्यंत उरली.

जुनी_वीण:
ती लांबी पिढ्यान्‌पिढ्या ते कपडे वापरणाऱ्या बायकांनी बदलली, आणि ली यंग-ही अखेरपर्यंत हानबोकच शिवत राहिल्या. आपण फोटो बघून कात्री चालवणार, यात फरक आहे. कोरियाने २०२२ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवली तीसुद्धा हानबोक करण्याची, घालण्याची, जपण्याची रीत. निदान एखाद्या कोरियन शिवणाऱ्या बाईंना सोबत घ्या, त्यांचं नाव आणि मोबदला दोन्ही द्या.

सुईदोरा:
हे शंभर टक्के मान्य. त्याशिवाय सुरुवातच करणार नाही.

हान_नदीकाठी:
मग कापडाचंही ठरवा. कोरियातल्या हान्सान गावची मोशी, म्हणजे रॅमीच्या धाग्याचं तलम कापड, उकाड्यात अंगाला चिकटत नाही, पण ती हातविणीची, महाग, आणि पटकन चुरगळते. घाम, दुधाचे डाग, रोजचं मशीनमधलं धुणं, हे सारं मऊ सुती कापडच झेलेल. बंडीवाला सुती घागरा असेल तर मी घालून बघेन. गोरुमला मात्र माझा विरोध आहे. एका हातावर बाळ असताना गाठ कोण मारणार? आतून टिचबटणं लावा आणि गाठ वरून शिवून टाका.

जुनी_वीण:
टिचबटणं खुशाल लावा. पण शिवलेली गाठ नको. आत बटणं असली तरी वरची गाठ सुटणारीच ठेवा, ज्या दिवशी हात मोकळे असतील त्या दिवशी बांधता येईल.