पाणी सारखं असेल, तलाव नव्हते

वर एकांनी लिहिलंय, "पोहण्यात वर्ण कुठे आला? पाणी सगळ्यांना सारखंच." पाणी सारखं असेल हो, तलाव नव्हते. अमेरिकेत कितीतरी शहरांत कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावात शिरताच येत नसे. दारं उघडायची वेळ आली तेव्हा काही गावांनी तलावच बंद करून टाकले. ज्या आजीला कधी पाण्यात उतरू दिलं नाही, तिच्या नातीला पोहायला शिकवणार कोण?

म्हणून २०१५ ची कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा मी विसरू शकत नाही. १०० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये पहिल्या तिघी सिमोन मॅन्युएल, लिया नील आणि नॅटली हाइंड्स. तिघी कृष्णवर्णीय! असं आधी कधीच घडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये सिमोनने सुवर्ण जिंकलं.

आणि टोपीचं काय? माझ्या भाचीची तिकडची रूममेट कॉलेजच्या संघात पोहते. तिच्या दाट वेण्या नेहमीच्या टोपीत बसवायला दोघी लागतात. एकीने टोपी ताणून धरायची, दुसरीने वेण्या आत सारायच्या. अशा केसांसाठी मोठी 'सोल कॅप' निघाली, तर २०२१ मध्ये फिनाने, म्हणजे जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ती नाकारली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराला धरून नाही म्हणे! मान्यता मिळाली २०२२ मध्ये. कोणाचं डोकं नैसर्गिक, हे ठरवलं कोणी? मला अजूनही राग येतो.