मदत हवी आहे: गोव्यात मुलांना घेऊन फिरताना स्वच्छ टॉयलेट कुठे आणि कशी गाठायची?

डिचोलीची_अबोली

नाताळच्या सुटीत पुण्याहून बहिणीची मुलं येणार आहेत, मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी सहाची. गाडी आपलीच. एक दिवस पणजी, मिरामार आणि जुनें गोवें. एक दिवस मंगेशी, म्हार्दोळ करून बोंडला. एक दिवस कोलवा. जमलं तर दूधसागर.

धाकट्याचा डायपर नुकताच सुटलाय. "आली" म्हणाला की पाच मिनिटंही थांबवत नाही. मोठीला कमोडची सवय, खाली बसायच्या भांड्याची भीती वाटते, आणि घाण दिसली की ती सरळ धरून ठेवते.

भरवशाची ठिकाणं कुठली? सोबत काय काय घ्यायचं? फिरताना पाणी कमी पाजा असं घरातली मोठी माणसं सांगतात, ते बरोबर आहे का? आणि कोलव्याच्या दिवशी मुलांचे बाबा एकटेच असतील, तर मुलीला कुठल्या बाजूला न्यायचं?

धक्क्यावरचा

ताई, ठिकाणं शोधताना एक खूण धरून चाला: जिथे माणूस बसलेला असतो आणि पाणी असतं, तिथे जा. फुकट आणि बेवारस असलेल्यापेक्षा पाच-दहा रुपये घेणारं सुलभ कधीही बरं. सुट्टे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. मूल कळवळत असताना पाचशेची नोट मोडत बसायला वेळ नसतो.

पणजीचा दिवस सोपा आहे. पाटोवर, कदंब स्टँडपासून जवळच, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे, त्यामुळे अर्धा तास पुस्तकांत जातो आणि टॉयलेटचंही होतं. सांतिनेजला काकुलो मॉल. मिरामारला समुद्राकडे जाण्याआधी गोवा विज्ञान केंद्र करा, म्हणजे तिकीट काढून आत गेल्यावर तिथली सोय वापरता येते आणि मग वाळूत निवांत बसता येतं. म्हापशावरून येणार असाल तर पर्वरीचा मॉल द गोवा वाटेवरच आहे. मयेवरून चोडणच्या फेरीबोटीने येणार असाल तर बोटीत टॉयलेट नसतं आणि सुटीत गाड्यांची रांग लागते, हे धरून घरूनच उरकून निघा.

जुन्या गोव्यात गाडी लावली की आधी टॉयलेट, मग बासिलिका आणि से कॅथेड्रल. चर्चच्या आत सोय शोधू नका. दोन्हीकडे आरामात बघायचं तर तास-दीड तास सहज जातो.

मंगेशीला आमोणे-खांडोळा पुलावरून माशेलमार्गे याल. देवळांत टॉयलेट अग्रशाळेच्या (भाविकांच्या उतरायच्या खोल्यांच्या) किंवा पार्किंगच्या बाजूला असतं, गाभाऱ्याजवळ कधीच नाही. मंगेशीला गाडीतळापासून देवळापर्यंत बरंच चालायचं असतं, म्हणून चपला काढायच्या आधी हे काम उरका. एकदा चपला ठेवल्या की ओल्या फरशीवर मूल अनवाणी जातं, मोठी माणसंही जातात. आत गेल्यावर लागलीच, तर देवस्थानच्या कार्यालयात सरळ विचारा. लहान मूल बघून कुणी आडकाठी करत नाही.

बोंडला गुरुवारी बंद. तिस्क-उसगावला चहापाण्याला थांबून मुलांना नेऊन आणा, कारण त्यापुढे प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापर्यंत रस्ता रानातला आहे.

कुशावती

पाण्याबद्दल. कमी पाजू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला चुरचुर होते आणि मुलाला उलट जास्त वेळा लागल्यासारखं वाटतं. शिवाय पाणी कमी पडलं की शौच कडक होते, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट त्रास. गोव्याची डिसेंबरातली दुपारही घाम काढणारी असते.

मुलाच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचा ढोबळ हिशोब डॉक्टर असा करतात: वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं, उत्तर मिलिलिटरमध्ये. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलाला सुमारे १६५, सहा वर्षांच्या मुलीला २४०. एक मोठा पेला उसाचा रस एवढाच झाला की. म्हणून पाणी, नारळपाणी घोट घोट दिवसभर द्या, एका दमात बाटली रिकामी करू देऊ नका.

थांबे दीड ते दोन तासांनी ठरवूनच घ्या. "लागली का?" विचारलं की खेळात रमलेलं मूल "नाही"च म्हणतं. "आता टॉयलेटला जाऊन मग आइस्क्रीम" असं सांगून न्यायचं. सकाळी न्याहारी झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपोआप हलतं. तेवढा वेळ घरी थांबून दोघांना बसवा आणि मगच गाडी काढा. या एका गोष्टीने दिवसातला सगळ्यात अवघड प्रसंग बहुतेक वेळा घरीच आटोपतो.

मोठी मुलगी धरून ठेवते त्याची काळजी मला जास्त वाटते. मुलींना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो त्यामागे कमोडच्या सीटचा स्पर्श सहसा नसतो. लघवी तासन्‌तास धरणं, अर्धवट करून उठणं, बद्धकोष्ठ, आणि मागून पुढे पुसणं ही खरी कारणं. त्यामुळे सीटवर अधांतरी उभं राहायला शिकवू नका, तसं उभं राहून मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. सीट पुसून नीट टेकवून बसवा. धुताना-पुसताना हात नेहमी पुढून मागे.

पाण्याची_टाकी

इमारतींच्या नळ-गटार देखभालीतलं काम आहे, त्या अंगाने सांगतो. आत पाऊल टाकण्याआधी दारातून चार गोष्टी बघा: फरशी कोरडी आहे का, बादली भरलेली आहे का, नळ सोडल्यावर धार येते का, कडी लागते का. पाणी नसेल तर दिसायला चकाचक असलेलंही पुढच्या दहा मिनिटांत बिघडणार.

वासावरून बरंच कळतं. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत मुरलेली जुनी लघवी. जागा धुतली जाते पण घासली जात नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर जमिनीवरच्या जाळीखालच्या सापळ्यातलं, म्हणजे वास अडवायला पाणी साठवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी आटलंय, गटाराचा वायू वर येतोय. तांब्याभर पाणी त्या जाळीत ओता, थोड्या वेळात वास कमी होतो. आणि फिनेलचा भपकारा म्हणजे स्वच्छता समजू नका.

भरलेलं भांडं बघून मूल मागे फिरतं. बरेचदा फ्लशची टाकी चालत नसते, एवढंच. अर्धी बादली, म्हणजे पाच-सहा लिटर पाणी, कमरेएवढ्या उंचीवरून एका झटक्यात भांड्याच्या मधोमध ओता. तांब्या-तांब्याने कितीही ओतलं तरी सापळ्यातून ओढ बसत नाही, झटक्याने ओतल्यावर बसते. पाणी चढून काठाला येत असेल तर मात्र पुढे तुंबलेलं आहे. लगेच थांबा, दुसरीकडे जा.

ओले वाइप्स, डायपर, पॅड भांड्यात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. समुद्रकिनाऱ्यावर त्यात वाळूची भर पडते. वाळू सापळ्यात बसते, वाइप तिथे अडकतो आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत ओळीतली सगळी भांडी बंद. पाय, चपला आणि बालदी बाहेरच्या नळावर धुऊन मगच आत.

जेटचा, म्हणजे धुवायच्या हातफवाऱ्याचा, दाब आधी भिंतीवर मारून बघा. काही ठिकाणी तो इतका असतो की मूल किंचाळतं. खालचा छोटा कॉक अर्धा बंद केला की धार मऊ होते.

डिचोलीची_अबोली

फार उपयोगी माहिती, देव बरें करूं. मोठीला खाली बसायला कसं शिकवू? आणि बाबांचा प्रश्न राहिलाय.

कुशावती

खाली बसायच्या भांड्याचे पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या जागा, मोठ्यांच्या मापाचे असतात. त्यावर पाय ठेवले की मुलांचे पाय फाकतात, तोल मागे जातो आणि पडण्याची भीती बसते. भांडं फरशीबरोबर असेल आणि फरशी कोरडी असेल, तर पाय पायट्यांच्या आतल्या कडेला, थोडे पुढे, टाचा टेकलेल्या. तुम्ही समोर उभं राहून तिचे दोन्ही हात मनगटाजवळ धरा आणि तिला मागे झुकू द्या. चड्डी गुडघ्यात न ठेवता एका पायातून पूर्ण काढा, नाहीतर ती भिजतेच. ही सवय बाहेर करायची नाही. येण्याआधी आठ-दहा दिवस घरी न्हाणीघरात नुसतं असं बसायचा खेळ घ्या.

कमोडवर धाकट्याला टाकीकडे तोंड करून उलटं बसवा. म्हणजे त्याला टाकीला धरता येतं. शौचाला बसवायचं असेल तर पाय लोंबकळत ठेवू नका, पायाखाली पिशवी किंवा तुमची मांडी द्या. पाय टेकल्याशिवाय जोर लागत नाही. मॉलमध्ये किंवा विमानतळावर आपोआप फ्लश होणारी टाकी असेल तर सेन्सरवर कागदाची चिकटचिठ्ठी लावा. मध्येच झालेल्या आवाजाने घाबरलेलं मूल दिवसभर पुन्हा बसत नाही.

डांगरी, जंपसूट, मागे बटणं असलेले फ्रॉक नकोत. इलॅस्टिकची चड्डी, बस्स.

साळ_नदी

बाबांसाठी: आधी दिव्यांगांसाठीचं टॉयलेट बघा. मॉल, मोठी रेल्वे स्टेशनं, विमानतळ इथे ते बरेचदा वेगळ्या दाराचं असतं, आत दोघांना पुरेल एवढी जागा आणि धरायला दांडा. कुणी व्हीलचेअरवरचं थांबलेलं असेल तर पहिला हक्क त्यांचा. तसं नसेल तर सहा वर्षांच्या मुलीला बाबांनी पुरुषांच्या बाजूला न्यायला काहीच हरकत नाही. मुताऱ्या ओलांडून थेट दार असलेल्या खोलीत जायचं आणि बाबांनीही आत थांबायचं. बायकांच्या बाजूला तिला एकटीला पाठवायचं असेल तर राखणदार बाईंना सांगून पाठवा, बाबा दाराशी, आणि आतून एकमेकांना ऐकू येईल असं बोलत राहायचं. कडी मुलांनी लावायची नाही. गंजलेली कडी लागते, पण निघत नाही. दार मोठ्यांनी पायाने धरायचं.

कोलव्याला गाडीतळाजवळ पैसे देऊन वापरायची सोय आहे, पण सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर यात जमीन-अस्मानाचा फरक. जेवणाच्या वेळी पाण्यात खेळणं थांबवून शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खाणावळीत) किंवा हॉटेलात बसा. ऑर्डर देण्याआधी टॉयलेट बघून या, पसंत नसेल तर उठा, त्यात संकोच नको. शॅक पावसाळ्यात नसतात, पण तुम्ही डिसेंबरात येताय. आगोंद, गालजीबाग अशा शांत किनाऱ्यांकडे वळलात तर तिथे सार्वजनिक सोय मिळेल असं धरू नका. आणि डायपर वाळूत पुरू नका. त्या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात.

दूधसागरला साडेतीन वर्षांचं मूल नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. कुळेला जीपची वाट बघा, मग खडबडीत रस्ता, ओढे, मग चालणं. मधे रान. नेणारच असाल तर कुळ्यालाच उरका आणि त्या दिवसापुरता डायपर घाला.

धक्क्यावरचा

पेट्रोल पंपांचं राहिलं. पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि हवा ग्राहकाला मोफत द्यायची असते, आणि तक्रारवही ठेवावी लागते. कुलूप असेल तर चावी मागा. हमरस्त्यावरचे, कंपनी स्वतः चालवते ते पंप सहसा बरे असतात.

गूगल मॅप्सवर 'एसबीएम टॉयलेट' टाकलं की स्वच्छ भारतच्या नोंदीतली टॉयलेट दिसतात. ताऱ्यांपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो बघा.

पाण्याची_टाकी

सोबत घ्यायची पिशवी छोटी ठेवा, पाठीवरची, खाली टेकवावी न लागणारी. आत इंग्रजी एसच्या आकाराचा एक आकडा, दाराच्या वरच्या कडेला अडकवायला, कारण खुंटी बहुतेक ठिकाणी तुटलेली असते. एक लिटरची पाण्याची बाटली, तिच्या दुसऱ्या झाकणाला सुईने पाच-सहा भोकं पाडलेली. झाकण बदललं की जेट तयार. दोन जादा चड्ड्या, एक पातळ टॉवेल, चार काळ्या पिशव्या. धाकट्यासाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली, रस्त्यात जागा नसेल तेव्हा. कागदी साबणाच्या पट्ट्या मिळतात, पण हात कोरडा असतानाच एक काढून घ्या, ओला हात लागला की सगळ्या चिकटतात. सॅनिटायझर लघवीनंतर चालेल, अल्कोहोल किमान ६० टक्के असलेलं, हात कोरडे होईस्तोवर चोळून. शौचानंतर आणि वाळूने माखलेल्या हातांना मात्र साबण-पाणीच, वीस सेकंद. जुलाब-उलट्यांचे काही विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

आणि एखादी जागा खराब निघाली तर नगरपालिकेच्या हद्दीत 'स्वच्छता' ॲपवर फोटो टाका, ठिकाण आपोआप नोंदलं जातं. नुसतं "घाण आहे" लिहू नका. "डावीकडून दुसरं भांडं, टाकीत पाणी येत नाही" असं लिहिलं तर येणारा माणूस योग्य सुटा भाग घेऊनच येतो.